बँडच्या ऑपरेशननंतर पेज, सूप आणि पाणी: कोकणातल्या घरात पहिले सहा आठवडे कसे काढायचे

माझं गॅस्ट्रिक बँडचं, म्हणजे वजन कमी करायचं, ऑपरेशन मुंबईत झालं. आठ दिवस डोंबिवलीला नणंदेकडे राहिले आणि मग कुडाळला घरी आले. हातात हॉस्पिटलचा डाएट चार्ट, त्यावर लिहिलेलं ब्रोकोली सूप, सेलरी ब्रॉथ, क्लिअर चिकन स्टॉक. आता ब्रोकोली आमच्या बाजारात शोधायची कुठे, आणि सेलरी म्हणजे काय हे तर मलाच माहीत नव्हतं. इकडे सासूबाई दारातच, "वायच पेज घे गे, तोंड बघ कसा सुकला." चार्टमध्ये पेज नव्हती म्हणून मी दोन दिवस पेजेला हातच लावला नाही, पाकिटातलं टोमॅटो सूप पीत बसले, त्याच्यात मीठ किती असतं ते नंतर पाकिटामागे वाचलं.

म्हणून हे लिहितेय. आपल्याकडचं निम्मं जेवण आधीच पातळ असतं, पेज, पिठी, कढी, सार, कढण, त्यामुळे बँडवाल्या माणसाला कोकणात उपाशी राहायची वेळ येत नाही. पण गंमत अशी आहे की जी पेज पहिल्या महिन्यात तुम्हाला सांभाळते तीच पुढे सहा महिन्यांनी तुमचं वजन वर आणते. ते शेवटी सांगते.

आणि हो, मी डॉक्टर नाही. तुमच्या सर्जनने दिलेले दिवस आणि माझे दिवस वेगळे असतील तर त्यांचेच खरे.

१. आधी पोटात काय केलंय ते समजून घ्या

बँड म्हणजे सिलिकॉनची रिंग. ती जठराच्या वरच्या भागाभोवती बसवतात, त्यामुळे वर एक छोटी पिशवी तयार होते, साधारण १५ ते ३० मिलीची. खोकल्याच्या औषधाबरोबर येतो ना तो प्लॅस्टिकचा छोटा कप, तसे फार तर दोन-तीन कप. रिंगच्या आतल्या बाजूला फुगा असतो, त्याला नळी जोडलेली असते आणि नळीचं दुसरं टोक पोटाच्या कातडीखाली, त्याला पोर्ट म्हणतात. पोर्टमध्ये सुईने सलाइन भरलं की रिंग आवळते, काढलं की सैल होते. अमेरिकेत या बँडला २००१ मध्ये परवानगी मिळाली, नंतर बरीच वर्षं जोरात चालला, आता बहुतेक सर्जन स्लीव्ह किंवा बायपास ही वजनाची दुसरी ऑपरेशनं करतात. तुमचं स्लीव्ह झालं असेल तर तुमचा चार्ट वेगळा, इथले दिवस धरून चालू नका.

मुद्दा हा की बँड जागेवर राहावा म्हणून जठराचाच थोडा भाग वर ओढून टाके घातलेले असतात. ते टाके बसायला आणि भोवतीची जखम भरायला पाच-सहा आठवडे जातात. या काळात जोराची उलटी झाली किंवा वरची पिशवी ताणली गेली तर बँड घसरू शकतो आणि मग परत ऑपरेशन. सुरुवातीचं पातळ खाणं वजन कमी करायला नसतं, ते टाके वाचवायला असतं. हे मला कोणी नीट सांगितलं असतं तर तिसऱ्या आठवड्यात मी जो मूर्खपणा केला तो केला नसता.

२. जायच्या आधी घरात काय जमवून ठेवायचं

ऑपरेशनच्या आधी साधारण दोन आठवडे बहुतेक ठिकाणी कमी साखर-कमी भाताचा आहार देतात. लिव्हरवर चरबी असते, ते मोठं झालेलं असतं आणि नेमकं जठराच्या वर पसरलेलं, ते लहान झालं की सर्जनला दुर्बिणीतून काम करायला जागा मिळते. तेव्हा "आता पुढे खायला मिळणार नाही" म्हणून निरोपाची मटण-वड्यांची पार्टी करू नका. लोक करतात. मीही केली, चक्क दोनदा.

सामान:
- औषधाचा मापाचा छोटा कप, दोन असले तर बरं. आपली आमटीची वाटी १५० मिलीच्या आसपास असते, ती सुरुवातीला समुद्रासारखी वाटते
- बारीक जाळीची गाळणी आणि धुतलेलं पातळ सुती फडकं
- थर्मास, लहान चमचा, मिक्सर
- नाचणीचं सत्त्व, कुळथाचं पीठ, मूगडाळ, बिनसाईच्या दुधाची पावडर, डॉक्टरने सांगितलेली प्रोटीन पावडर
- एक वही. कधी काय किती प्यायले ते लिहायला, कारण आठवत नाही, खरंच आठवत नाही

पावसाळ्यात ऑपरेशन असेल तर लाइट जाणार हे धरूनच चाला. मिक्सर बंद, फ्रिज बंद. तीन दिवसांचं सूप करून ठेवायची आयडिया शहरात ठीक, आमच्याकडे जुलैत दुसऱ्या दिवशी आंबून जातं. पिठं आणि पावडरी हाताशी असल्या की गॅसवर पाच मिनिटांत काहीतरी होतं.

कागदपत्रं एका प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये: डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोंद, बँडचं कार्ड (कंपनी, मॉडेल, नंबर), पुढे प्रत्येक वेळी किती मिली भरलं त्याची नोंद, चालू गोळ्यांची यादी, आधार आणि विम्याची कागदं. बँडचं कार्ड हरवू नका. गावातल्या डॉक्टरला बँड कुठला ते त्यावरूनच कळणार, आणि कधी एमआरआय करायची वेळ आली तर पहिले तेच मागतील.

गोळ्यांचं आधीच विचारून घ्या. मोठी गोळी बँडपाशी अडकू शकते, पण प्रत्येक गोळी कुटून चालत नाही, काही गोळ्या हळूहळू विरघळायला बनवलेल्या असतात. आणि शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर हे सगळ्यात महत्त्वाचं, खाणं एकदम कमी झालं की जुन्याच डोसने शुगर धाडकन खाली येते. डोस बदलून घेतल्याशिवाय घरी येऊ नका. अंगदुखीला मनानेच कॉम्बिफ्लामसारखी गोळीही घेऊ नका, जठराला त्रास होतो.

३. पहिले दोन दिवस: नुसते घोट

हे दिवस हॉस्पिटलमध्येच जातात. पाणी, तेही एकेक घोट, मग गाळलेलं पातळ काहीतरी. डावा खांदा दुखेल. मला वाटलं हार्टचं काहीतरी झालं, तर नर्स म्हणाली ऑपरेशनला पोटात गॅस भरतात त्याचं ते दुखणं, चालत राहा. चालले, गेलं. पण छातीत दुखणं किंवा दम लागणं हे वेगळं, ते लगेच सांगायचं.

४. दुसरा आठवडा संपेपर्यंत: आपल्याकडचं काय चालतं

नियम एकच, गाळणीतून खाली पडलं पाहिजे आणि चमच्यावरून पाण्यासारखं ओघळलं पाहिजे. आता एकेक घ्या.

पेज: उकड्या तांदळाची, भरपूर पाणी घालून, आणि फक्त वरचं पाणी. शीत एकही नको. मीठ चिमूटभर. पोटाला शांत वाटतं, सकाळी पहिलं हेच घ्या. सकाळी बँड जरा आवळल्यासारखा वाटतो पुष्कळ जणांना, कोमट काहीतरी पोटात गेलं की सैलावतो.

मुगाचं कढण: डाळ मऊ शिजवून घोटायची, पाणी वाढवायचं, फडक्यातून गाळायचं. जिरं चालतं, पण फोडणीतलं अख्खं जिरं कपात येता कामा नये. मिरची नाही.

कुळथाची पिठी: एरवी आपण करतो ती घट्ट. ही ताकाएवढी पातळ करायची, लसूण ठेचून टाकून नंतर काढायची, तिखट नाही, आणि गुठळी झाली तर गाळायची. दोन आठवड्यांत मला खरंखुरं जेवल्यासारखं वाटलं ते फक्त या एका गोष्टीने.

नाचणीचं सत्त्व: ताकातलं किंवा दुधातलं, गूळ न घालता. थंड झालं की घट्ट होतं, म्हणून करतानाच दुप्पट पाणी.

माशाचं पाणी: इथे लोक चुकतात. बांगडा-तारली नको, तेलकट, आणि काटे. आजाऱ्याला आपल्याकडे मुडदुशी देतात ना, तीच घ्या, नाहीतर पापलेटचं डोकं. हळद, मीठ, आल्याचा तुकडा, उकळायचं आणि दोनदा फडक्यातून गाळायचं. गाळणीवर भरवसा ठेवू नका, बारीक काटा जाळीतून उभा निसटतो. तिसऱ्यांचं पाणी चवीला अमृत पण तळाशी वाळू असते, निवळू द्यायचं आणि वरचं घ्यायचं. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा सुक्या माशाचं पाणी करून बघू नका, मीठच मीठ.

शहाळं: पाणी हो, मलई नाही. किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर आधी विचारा, पोटॅशियम बरंच असतं त्यात.

सोलकढी: नारळाचा रस तेलकट असतो, पहिल्या दोन आठवड्यांत मला झेपला नाही. त्याऐवजी कोकमाची चार सोलं पाण्यात भिजवून, गाळून, चिमूट जिरंपूड. कोकमाचं आगळ वापरलंत तर त्यात मीठ असतंच, वरून घालू नका. जळजळ होत असेल तर तेही बंद. बाटलीतलं कोकम सरबत म्हणजे साखरेचा पाक, ते सोडा.

सोडा मात्र अजिबात नाही. लिंबू सोडा, कोल्ड्रिंक, गोटी सोडा, काहीच नाही, गॅस वरच्या पिशवीत साठतो आणि असा दुखतो की डोळ्यात पाणी. स्ट्रॉसुद्धा नाही, तिच्यातून हवा आत जाते. शहाळं पण पेल्यात ओतून घ्या, शहाळेवाला बघत राहील, राहू दे.

५. प्रोटीनचा हिशेब, ज्यात आपण सगळे फसतो

आपल्याला वाटतं पायाचं सूप प्यायलं, मटणाचं पाणी प्यायलं म्हणजे ताकद आली. त्यात प्रोटीन थोडंसंच असतं, ताकद मटणात, आणि ते तर तुम्ही गाळून टाकलं. वरणाच्या वरच्या पाण्याचं तेच, पेजेच्या पाण्यात तर जवळजवळ नाहीच. साधारण दिवसाला ६० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन लागतं असं सांगतात (तुमचा आकडा विचारून घ्या), आणि ग्लासभर दुधात ६-७ ग्रॅम येतं. म्हणजे नुसत्या सूपवर केस गळणार, गुडघ्यात जीव राहणार नाही.

मी काय करायचे, सत्त्वात आणि कढणात दोन चमचे बिनसाईच्या दुधाची पावडर. तिच्या १०० ग्रॅममध्ये ३५ ग्रॅम प्रोटीन असतं, म्हणजे दोन मोठे चमचे टाकले की पाचेक ग्रॅम सहज. प्रोटीन पावडर उकळत्यात टाकली की तिच्या गुठळ्या होतात, कोमट झाल्यावर टाका. दूध पचत नसेल तर सांगा डॉक्टरला, दुसरी मिळते.

६. कसं प्यायचं, कारण खरं काम इथेच आहे

मापाच्या कपाने ३० मिली मोजून घ्यायचं, मोबाइलवर पंधरा मिनिटं लावायची, आणि तेवढ्या वेळात ते संपवायचं. पहिल्या आठवड्यात एवढंच. मग हळूहळू वाढवायचं, दिवसाचं एकूण दीड ते दोन लिटरकडे न्यायचं. हिशेब करून बघा, म्हणजे जागेपणी सारखं हातात काहीतरी हवंच. दोन तास विसरलात की ते भरून निघत नाही, कारण एकदम घटाघटा पिता येत नाही. आणि आपली हवा, मार्च-एप्रिलमध्ये नुसतं बसलं तरी घाम. लघवी गडद पिवळी झाली, उठताना भोवळ आली की समजा पाणी कमी पडलं.

तोंडात घोट धरा, गिळा, थांबा. छातीच्या मधोमध दाटल्यासारखं झालं, उचकी आली, उगाच नाक वाहायला लागलं, खोल सुस्कारा आला, ही "बस झालं"ची खूण. प्रत्येकाची वेगळी असते, माझी उचकी. त्यानंतर एक घोटसुद्धा नाही, कप अर्धा राहिला तरी राहू दे. आपल्याला ताटात टाकायचं नाही असं शिकवलेलं असतं, ते जरा बाजूला ठेवा.

७. तिसरा आठवडा: भूक परत येते

सूज उतरते, जखम दुखायची थांबते आणि बँड अजून रिकामाच किंवा रिकाम्यासारखा असतो. त्यामुळे पूर्वीसारखी कडकडून भूक लागते. माणूस घाबरतो, ऑपरेशन फुकट गेलं वाटतं. नाही गेलं. बँड अजून चालूच केलेला नाहीये, पहिलं फिल (पोर्टमधून सलाइन भरून बँड आवळणं) साधारण सहा आठवड्यांनी.

माझा मूर्खपणा हा की घरात घावणे होते आणि मी म्हटलं एवढा मऊ तर आहे, एक खाऊन बघू. दोन घासात अडकला. तासभर मोरीत उभी, तोंडातून फेसासारखी लाळ. सर्जनला फोन केला तेव्हा शिव्या बसल्या आणि दोन दिवस परत पाण्यावर.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घट्ट गाळ चालतो, म्हणजे घोटलेलं वरण, मिक्सरमधून काढलेला दुधी, दह्यासारखं सगळं. त्यापुढे मऊ, म्हणजे काटे काढून कुस्करलेला मासा, मऊ अंडं. मग हळूहळू नेहमीचं. भाकरी, घावणे, पाव हे सगळ्यात शेवटी, आणि पाव तर काहींना कधीच नाही.

८. अडकलं तर

घरातलं प्रत्येक माणूस म्हणणार, "पाणी पी, खाली जाईल." नाही जात. आधीच पिशवी भरलेली, त्यावर पाणी ओतलं की दाब वाढतो आणि उलटी होते, आणि उलटीच तर नकोय. उठून उभे राहा, फेऱ्या मारा, लाळ थुंकत राहा, थांबा. मोकळं झाल्यावर पुढचे २४ तास फक्त पातळ, कारण आत सूज आलेली असते.

लगेच सर्जनला फोन किंवा सरळ हॉस्पिटल केव्हा: स्वतःची थुंकीसुद्धा गिळता येत नाही, पाणी राहत नाही, उलट्या थांबत नाहीत किंवा काळी-हिरवी होते, ताप, पोटात जोराची कळ, नाडी धावतेय, दम लागतोय, पोटरी सुजून दुखतेय, पोर्टची जागा लाल गरम झालीय. झोपल्यावर रोज खोकला आणि घशाशी आंबट येत असेल तर बँड जास्त आवळलाय, तेही कळवा.

जवळच्या दवाखान्यात जायची वेळ आली तर एक सांगून ठेवा, पोर्टला साधी इंजेक्शनची सुई चालत नाही, ह्युबर नीडल लागते, साध्या सुईने पोर्ट गळायला लागतो. डॉक्टरला राग आला तर येऊ दे, सर्जनचा नंबर लावून फोन त्यांच्या हातात द्या.

९. फिलचा दिवस आणि परतीची गाडी

हे चार्टमध्ये कुठेच नसतं कारण मुंबईतले पेशंट रिक्षाने घरी जातात. आपण रात्रभर गाडीत बसून मुंबई गाठतो, दहा मिनिटांत सलाइन भरून होतं आणि लोक त्याच रात्रीची कोकणकन्या किंवा तुतारी धरतात. करू नका. फिल झाल्यावर तिथेच बसून कपभर पाणी हळूहळू प्या. ते नीट उतरलं तरच उठा. आणि शक्यतो एक रात्र मुंबईत कोणाकडे तरी काढा, कारण आवळलेलं बऱ्याचदा काही तासांनी कळतं, आणि पनवेल सुटल्यावर घोटभर पाणी उतरत नाहीये हे कळून काय करणार, बँड सैल करणारा माणूस मागे राहिला. माझ्याबरोबर वेटिंगमध्ये असलेल्या एका बाईंना चिपळूणला उतरून उलट गाडी धरावी लागली.

फिलनंतर परत एक-दोन दिवस पातळ, मग मऊ, मग नेहमीचं. प्रवासात थर्मासमध्ये कढण, मापाचा कप पर्समध्ये. गाडीतला चहा गोड पाक असतो, आणि वडा-सामोसेवाला आला की खिडकीतून बाहेर बघा.

१०. सहा आठवड्यांनंतर: आता पातळ कमी करा

बँड घट्ट पदार्थाला थांबवतो. भात-मासा वर थांबतो, पोट भरल्याची जाणीव होते आणि माणूस हात आखडतो. पातळ पदार्थ थांबतच नाही, सरळ खाली. म्हणजे वाटीभर उसळ जात नाही पण दोन पेले आमरस सहज जातो. आमच्या देवगडच्या बाजूला एप्रिल-मे म्हणजे विचारूच नका. खीर, मणगणं, दाट सोलकढी, लस्सी, साखरेचा चहा, आणि हो, पेज सुद्धा. जरा अडकल्यासारखं झालं की माणूस म्हणतो आज पेजच घेते, उद्याही पेजच, आणि महिन्याने काटा जागचा हलत नाही. मला हे कळायला चतुर्थी यावी लागली. सात दिवस पाहुण्यांबरोबर घास दोनच घेतले, सगळे कौतुक करत होते, आणि वजन दीड किलोने वर. खिरीचा हिशेब कोणी ठेवला होता!

म्हणून आता: जेवणात आधी मासा, अंडं किंवा उसळ, मग भाजी, मग जागा उरली तर भात. घास लहान, वीसेक वेळा चावून. आमटी वाटीत वेगळी, भात भिजण्यापुरती, प्यायची नाही. जेवताना पाणी नाही आणि जेवल्यावर अर्धा तास तरी नाही, नाहीतर वर थांबलेलं धुऊन खाली जातं आणि तासाभरात परत भूक. रोज पातळच खावंसं वाटत असेल, घट्ट काही उतरतच नसेल, तर बँड जास्त घट्ट आहे, सैल करून घ्या, ते अभिमानाने सहन करायचं काम नाही.

आमच्याकडे सोलकढी जेवणाच्या शेवटी भातावर घ्यायची पद्धत. ती मला बंद झाली तेव्हा सासूबाईंना फार वाईट वाटलं, जेवण अर्धं राहिल्यासारखं. आता त्या माझी बाजूला काढून ठेवतात आणि चार वाजता अर्धा पेला घेऊन पडवीत येतात.